गोटीरामकाकांच्या चरातलं पाणी

दिवाळीच्या किल्ल्यासाठी चिकणमाती काढायला चरात उतरलेला ओम दोन पावलांतच किंचाळत बाहेर आला. काल काटा रुतलेल्या जागी निखारा ठेवल्यासारखी आग होत होती. निकिताने धाकट्या भावाला ओढत हापशावर नेलं आणि पाय धुतला. ही दोघं अंबडहून सुट्टीला आजोळी आलेली. हापसा मारत होता तो मामाचा सोमनाथ. मोठी माणसं सकाळीच ट्रॅक्टरमधून कांदा घेऊन विंचूरला गेली होती.

तेवढ्यात चराकडून आजी आली, नवसाबाई. तिने त्याच पाण्याने तोंड धुतलं होतं आणि कपाळावरचं कुंकू चक्क पिवळं झालं होतं. सोमनाथने तसं सांगताच तिने बोट लावून पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"पाण्यातल्या आसरा कोपल्या," ती पुटपुटली. "ट्रॅक्टरवर तुझे आजोबा हायेत रे."

ओम रडायचा थांबला. निकिताला आठवीच्या सरांनी केलेला प्रयोग आठवला.

"आजी, कुंकू म्हणजे हळद आणि चुना. त्यात लिंबू पिळलं की परत पिवळं होतं. आजोबांना काही झालेलं नाही. पाण्यात ॲसिड आहे."

आजीच्या जिवात जीव आला, पण सोमनाथचा गेला. चर उतरत होता डोहात, आणि मल्हारी गुराखी पाच वाजता म्हशी थेट डोहावर आणायचा. कुठल्या रानातून, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्या म्हशींत चंद्री होती. तिची आई गेली तेव्हा सोमनाथने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

वहीचे कागद फाडून त्यांवर ओलं कुंकू फासलं आणि तिघं चराकडे पळाली. वरच्या अंगाला कागद बुडवला, पिवळा. मधे बुडवला, पिवळा. डोहात मात्र लालच राहिला. ॲसिड डोहापासून दहा पावलांवर येऊन ठेपलं होतं.

चर सुरू होत होता गोटीरामकाकांच्या चोपण शेतापाशी. मातीतले क्षार धुऊन जावेत म्हणून तिथे जमिनीखाली भोकांचे पाईप टाकलेले होते. पाईपच्या तोंडाशी बॅटरीसारखा उग्र वास येत होता.

काका बाजेवर पडले होते. फुकट मिळालेली वस्तू त्यांनी आजवर परत पाठवली नव्हती. ओट्यावर तीन बंद घड्याळं आणि जीपचं एक दार होतं. जीप नव्हती. पाणी झऱ्यासारखं आहे, पोरांना सुट्टीत भलतंसलतं दिसतं, असं त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं.

निकिताने चराच्या पाण्याने भरलेला डबा पुढे केला. "मग काका, याने तोंड धुवा."

काकांनी डब्याकडे पाहिलं आणि पाय पोटाशी ओढून घेतले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कारखान्यातलं वापरलेलं ॲसिड टँकरवाला फुकटात शेतात ओतून गेला होता. ॲसिडने चोपण जमीन मोकळी होते, हे काकांनी कुठेतरी ऐकलं होतं.

"जमिनीचं औषधच हाय ते."

"किती द्यायचं, कोणाला विचारलंत?"

"टँकरवाल्याला."

पाईप खालून चरात उघडतो, हे मात्र काका साफ विसरले होते. म्हशींचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. द्राक्षांच्या फवारणीसाठी विरवून ठेवलेल्या चुन्याचं पिंप त्यांनी स्वतःच बाहेर ढकललं आणि पाईपच्या तोंडात मातीचं पोतं कोंबलं. नाकातोंडाला फडकी बांधून काका आणि निकिता बादल्यांनी चुना पार डोहापर्यंत चरात ओतू लागले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. ओमला लांब बसवला होता. कागद पिवळा. आणखी चुना. पिवळाच.

आणि घंटा वाजल्या.

सोमनाथ वाटेत आडवा उभा राहिला. मल्हारी मागून ओरडत होता, पण तहानलेल्या म्हशी कोणाचं ऐकतात? सगळ्यांत पुढे चंद्री. तिने डोक्याने ढोसलं तसा तो मागे घसरला. त्याने दोन्ही हातांनी तिची शिंगं धरली. टाचा चिखलात रुतत गेल्या आणि पाठीमागे पाणी लागलं.

"निकिता, सांग ना!" त्याचा आवाज फाटला.

निकिताने चरात कागद बुडवला, डोळे मिटले, उघडले. कागद लाल होता. मग डोहात बुडवला. तोही लाल.

"सोड तिला!"

चंद्री त्याला बाजूला सारून पाण्यात शिरली.

दुसऱ्या दिवशी आलेल्या कृषी सहायकाने कागद नीट पाहिले, मुलांची नावं विचारली आणि चावडीवर त्यांचं कौतुक केलं. पाईपच्या तोंडाशी खड्डा खणून चुनखडीचे खडे भरा, पाणी त्यातूनच चरात जाऊ द्या, असं त्याने बजावलं. खडे फोडायचं काम बिनविरोध गोटीरामकाकांकडे गेलं.

विंचूरहून परतलेल्या फकिरा आजोबांनी सोमनाथला जवळ घेतलं. "भ्याला नाय का रं?"

"लय भ्यालो."

"म्या पण भ्यालो असतो," आजोबा म्हणाले, "पण म्या बाजूला झालो असतो."