कोरडी बोग्ना

चर्चच्या कोपऱ्यावर बोग्ना वळली आणि थेट तराफेवाल्या सेवेरिनवर आदळली. त्याच्या हातात काठोकाठ भरलेली बादली! तिने डोळे घट्ट मिटले, श्वास रोखला... पण काहीच झालं नाही.

"जा ना, जा," म्हणत तो बाजूला सरकला. वर टोपीही काढली मेल्याने!

ईस्टरचा सोमवार होता. या दिवशी उलानूफ गावची पोरं आवडत्या मुलींना पाण्याने चिंब करतात, आणि दुपारच्या घंटेपर्यंत जी कोरडी राहील तिची गावभर कीव होते. मैत्रीण हाल्श्का सकाळपासून दोनदा कपडे बदलून आली होती. बोग्नाच्या नव्या ब्लाउजवर मात्र थेंब नव्हता.

गावाची तिला पर्वा नव्हती. पण सेवेरिन उद्या पहाटे लाकडांचे तराफे घेऊन सान नदीतून दूर समुद्रकाठच्या ग्दान्स्कच्या वाटेला लागणार होता; परतणार तो उन्हाळा सरताना. तिचा जीव नुसता खालीवर होत होता. घरात गेली, बाहेर आली, पुन्हा आत...

"अगं, बस की एका जागी!" आई करवादली. "पायाला भिंगरी लागलीय का?"

बोग्ना बसली नाही. तडक नदीवर गेली. सेवेरिन तराफ्याचे दोर आवळत होता. शेजारी ती बादली तशीच भरलेली.

"कुणासाठी ठेवलीयस?"

"कुणासाठी नाही."

"मग सकाळी माझ्यावर ओतली का नाहीस?"

"तूच म्हणाली होतीस की — जो पाणी टाकेल त्याच्या डोक्यात बादली घालीन."

"अरे देवा! सगळ्याच मुली असं म्हणतात, शहाण्या!"

"मला काय माहीत... मला वाटलं, तुला मी नकोय."

त्याचा आवाज एकदम पडला. तिने बादली उचलली आणि सगळी त्याच्या डोक्यावर रिकामी केली. तराफ्यांवरचे गडी खो-खो हसले. मुलींनी परतफेड करायची ती मंगळवारी, सोमवारी नव्हे! पण मंगळवारी तो इथे असणार होता कुठे?

सेवेरिनने तोंडावरचं पाणी निपटलं. हसला... आणि एकदम गंभीर झाला.

"बोग्ना, मी येईपर्यंत... थांबशील माझ्यासाठी?"

तिचे डोळे भरून आले होते, पण तिने ते दिसू दिले नाहीत. रिकामी बादली त्याच्या हातात कोंबली आणि नदीकडे बोट दाखवलं.

"आधी भिजव. मग विचार."