दोघांचा चार्ज

डबा पोचवायचा होता, एवढंच काम. आप्पारावांनी गोष्ट सुरू केली ती अशी. लाइट गेलेली होती, अंगणातली शेकोटी विझत आली होती, आणि वैष्णवी, अंगद, अमरसिंह ही पोरं एकाच वाकळेत पाय घालून बसले होते. आप्पाराव साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. भुताखेतावर त्यांचा विश्वास नाही.

"पन अजिनाथ खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले. "आन् हे त्येच्याच तोंडचं हाय."

गेल्या येळवशीची रात्र. मार्गशीर्षातली अमावस्या. दिवसभर सगळा गाव रानात होता, कडब्याच्या खोपीपुढं भज्जी न् आंबील वाढणं चाललं होतं. अजिनाथ मात्र रात्री गावात उतरला. तो लांब, दुसऱ्या राज्यात, समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात ऑपरेटर आहे. रेल्वेत जागा मिळाली नव्हती. दोन रात्री त्यानं डब्याच्या दाराशी उभ्यानं काढल्या होत्या. घरी आला, हातपाय धुतले, आंबील प्याला. चवच लागली नाही. आईनं, छबुबाईनं, "कसा हाईस?" विचारलं तर "बरा हाय" म्हणाला. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं.

बारा वाजून गेल्यावर थोरल्या भावाचा, शहादेवचा फोन आला. तो कारखान्यात जुन्या बॉयलरवर होता.

"सकाळपास्नं हितंच हाय. चारला कुनी आलं न्हाई, बाराला बी न्हाई. माय झोपली का? काही खायाला हाय का?"

कारखान्यात सणावाराला एकमेकाच्या जागी डबल पाळी मारायची रीत आहे. तू संक्रांतीला थांब, मी येळवशीला थांबतो. वरचे साहेबही डोळेझाक करतात. त्या दिवशी चारच्या माणसाला वाटलं, बाराचा लवकर येईल. बाराच्याला वाटलं, चारचा थांबला असेल. दोघंही आपापल्या रानात जेवून निवांत झोपले. आणि बॉयलर सोडून जायचं नसतं. बदलीच्या माणसानं समोर उभं राहून "चार्ज घेतला" म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तिथला पहिला नियम.

"येळवशीचं उपाशी कसं ऱ्हाईल लेकरू," छबुबाई म्हणाली. तिनं डबा बांधला. "दे अन् ये. मग कितीबी झोप."

अजिनाथनं मोटारसायकल काढली. रस्त्यात उसाच्या गाड्या उभ्या होत्या, बैल सोडलेले, माणसं गाडीखाली झोपलेली. थंडी होती. त्याला ती लागत नव्हती.

गेटवरच्या वॉचमननं ओळखलं. "काय बे अणुबाँब, सुट्टीवर का?"

"हां."

"तुमच्या तिकडं ड्युटीवर बसायच्या आधी झोप झाली का म्हनून इचारतेत म्हन? खरं हाय का?"

"खरं आहे. झाली नसेल तर बसू देत नाहीत. जादा तास भरले तर गेटच उघडत नाही."

"आरं तिच्या! आमची बायकू बी इचारत न्हाई बे." वॉचमन हसला. अजिनाथला हसायचं होतं, पण तोंड हललं नाही.

बॉयलर हाउसचा लोखंडी जिना चढून तो वर गेला. पावणेदोन वाजले होते. भट्टीचा धडधडाट, उसाच्या भुसाचा उडता धुरळा, अंगावर येणारी धग. शहादेव खांबाला टेकून झोपला होता, तोंड उघडं टाकून. आणि पाण्याच्या काचेसमोर, स्टुलावर, एक म्हातारा बसला होता. कानाला पंचा गुंडाळलेला. नजर काचेवर. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते त्या उभ्या काचेत दिसतं. ते फार खाली गेलं की बॉयलर फुटतो. म्हणून तिथं कायम एक माणूस.

अजिनाथला बरं वाटलं. आला म्हणायचा बदलीचा माणूस.

"दादाला उठवू का, काका?"

"झोपू दे त्येला," म्हातारा म्हणाला. मान वळवली नाही.

अजिनाथनं डबा खाली ठेवला आणि तिथंच बसला. डोळे जड झाले. केंद्रातल्या कंट्रोल रूममधली सवय होती, ती तोंडातून आपोआप बाहेर पडली.

"काका, झोप झाली का तुमची?"

म्हाताऱ्यानं नजर काचेवरून काढली नाही. मग म्हणाला, "काय म्हनलास?"

"ड्युटीवर बसायच्या आधी... झोप झाली होती का?"

"हे मला..." म्हातारा थांबला. "हे मला कुनी इचारलंच न्हाई कवा."

अजिनाथनं वर पाहिलं.

भट्टी चालू होती. ज्वाळा दिसत होत्या. आवाज मात्र येत नव्हता. एवढ्या धगीत म्हाताऱ्याला घाम नव्हता. खांद्यावर भुसाचा थर होता, पंच्यावर होता, भुवयांवर होता.

उघड्या डोळ्यांवरही होता.

पापणी लवत नव्हती.

अजिनाथ पळाला नाही. नंतर तो आप्पारावांना म्हणाला, भ्यायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं. ते नव्हतं.

"पानी खाली चाललंय," म्हातारा म्हणाला. "मला दिसतंय. पन चाकाला हात लागत न्हाई माझा."

त्यानं हात पुढं केला. पाण्याच्या व्हॉल्व्हच्या चाकावर ठेवला. हात चाकातून पलीकडं गेला...

"तू चार्ज घेतूस का, पोरा?"

अजिनाथच्या तोंडात "घेतो" आलं होतं. म्हटलं की झालं. मग ते स्टूल त्याचं. तो काचेकडं पाहत राहिला. पाणी तळाला होतं. बोटभर. बोटभरही नाही.

"नाही," तो म्हणाला. "मला इथलं काम येत नाही. आणि... माझी झोप झालेली नाही."

म्हाताऱ्यानं हात मागं घेतला.

"तू न्हाई म्हनलास तरी, मला जमलं न्हाई," तो म्हणाला. "उठव मग त्येला."

"दादा!"

एकदम सगळा आवाज परत आला. शहादेव धडपडत उठला, काच पाहिली आणि दोन्ही हातांनी चाक फिरवायला लागला. पाइपात पाणी घुसलं. काचेत ते थरथरलं, आणि हळूहळू चढलं. शहादेव खाली बसला.

"मी कवा झोपलो रे?"

स्टूल रिकामं होतं.

अजिनाथनं खालून इंजिनिअरला आणलं. तो कुरकुरला, "एक रात निघली असती की." अजिनाथ दारातून हलला नाही. झोप झालेला माणूस पाहिजे, एवढंच म्हणत राहिला. शेवटी कॉलनीतून मोहनरावांना, बॉयलरवरच्याच जुन्या माणसाला उठवून आणलं. संध्याकाळपासून झोपलेला गडी. तोंड धुऊन वर आला, काच पाहिली, म्हणाला, "जा शहादेव. चार्ज घेतला."

"एकाचा नाही," अजिनाथ म्हणाला. "दोघांचा म्हणा."

"दुसरा कोन हाय हितं?"

"म्हणा तुम्ही."

मोहनरावांनी शहादेवकडं पाहिलं, मग रिकाम्या स्टुलाकडं. त्यांची सगळी नोकरी त्याच बॉयलरवर झालेली. ते हळू म्हणाले, "दोघांचा चार्ज घेतला."

आणि वेळ नसताना भोंगा झाला.

आप्पाराव थांबले. शेकोटीत काटकी सरकवली.

"कोण होता तो म्हातारा?" अमरसिंहनं विचारलं.

"मुंजाजी."

"नावच मुंजाजी?" अंगद हसला. एकटाच.

"लई वर्सं झाली. येळवसच होती. तीन पाळ्या सलग. सकाळी लोक आले, त्येंला वाटलं बसलाय. डोळे उघडे, नजर काचेवर. हात लावला तवा कळलं. उचलून नेला, दुसरा मानूस बसला. चार्ज घेतला म्हनायचं कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई."

वैष्णवी पुढं सरकली. "आप्पा," ती म्हणाली, "तो भोंगा मी ऐकला होता. त्या रात्री. रोजच्यासारखा नव्हता. जाड होता."

"रोजचा इजेचा हाय. चिरका." आप्पाराव तिच्याकडं पाहत नव्हते. "जाड आवाज वाफेच्या भोंग्याचा. त्यो भंगारात गेला. त्येचा पाइप छपरावर मीच कापला, मीच टोपी लावून वेल्ड मारलं. अजिनाथनं त्याच राती येऊन सांगितलं तवा दिस उगायच्या आत मी वर चढलो. बघाया."

"मग?"

"वेल्ड शाबूत होतं."

अंगदनं पाय वाकळेत आणखी आत घेतले.

"भोवतालचा पत्रा ओला होता," आप्पाराव म्हणाले. "दव असंल म्हनून हात लावला..."

त्यांनी तळहात शेकोटीपुढं धरला. त्यावर पांढरट, गुळगुळीत डाग होता. भाजून बरं झालेल्या कातडीचा.