शाल, श्रीफळ आणि मास्क

जळकोटच्या शेडमधला खुनी अखेर सापडला आणि सर्वांसमक्ष त्याला कुलपात टाकण्यात आलं.

असं काही घडलंच नाही असं समजून आपण सुरुवात करू. कारखान्यानंही तसंच समजून घेतलं आहे.

तर, मंगळवारी दुपारी द्वारकाबाई धाराशिवला राजेश्वरीच्या ऑफिसात आल्या. राजेश्वरी खाजगी गुप्तहेर होती. म्हणजे लग्नाआधी मुलाची चौकशी करून द्यायची: दारू, जुगार, आधीची बायको. शंभू तिची जीप चालवायचा आणि तिच्याआधी निष्कर्ष काढायचा.

"म्याडम, उद्या माझा सत्कार हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला वाचवा."

"भाषणं लई लांब असत्यात का?" शंभूनं विचारलं.

द्वारकाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्या सांगू लागल्या. जळकोटला हायवेलगतच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या सीटा बनतात. फोमवर रेक्झीन चिकटवायचं काम. शेठ दरवर्षी एका कामगाराला 'सुरक्षा-रत्न' करतात. पहिला गुरुलिंग. वारला. दुसरा शांतलिंग. तोही वारला. तिसरा द्वारकाबाईंचा नवरा बलभीम. तो आता सोलापूरच्या दवाखान्यात होता. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. डॉक्टर म्हणत होते, ह्यांच्या अंगात रक्तच तयार होईना. त्याच्या जागी द्वारकाबाई कामाला लागल्या, आणि यंदा पुरस्कार त्यांना जाहीर झाला.

"नको म्हणा की," शंभू म्हणाला.

"म्हणले. शेठ म्हणले, सत्कार नको तर काम बी नको. ह्यांचा दवाखाना माझ्या पगारावर चाललाय, बाबा."

"सत्कारात काय देतात?" राजेश्वरीनं विचारलं.

"शाल, नारळ आन् मास्क."

"बलभीम चिकटवायचं काम करायचे?"

"न्हाय, ते कापायचे. चिकटवायच्या सोल्युशनला हात बी लावत नव्हते. पुरस्कार मिळाला आन् डोकं धरून घरी यायला लागले. रविवारी तेवढं बरं वाटायचं. आन् मिशीला गोडसर वास. हाताला न्हाय, मिशीलाच."

शंभू राजेश्वरीच्या कानाशी वाकला. "दुसरी बाई," तो म्हणाला.

जीप जळकोटला पोचली. शेड दोन बाजूंनी उघडी होती. गौरीशंकर शेठच्या केबिनमध्ये तीन सुरक्षा-रत्नांचे फोटो होते. दोन फोटोंना हार होते. तिसऱ्याच्या वर खिळा ठोकून ठेवला होता.

"सुरक्षेच्या बाबतीत आपण कडक," शेठ म्हणाले. "तपासणीला साहेब आले की मास्क दिसला पाहिजे. एकच हाय, म्हणून सगळ्यात गुणी माणसाला देतो."

"नारळ?"

"फोडून सगळ्यांना वाटतो. म्या बी खातो."

"शाल?"

"फोटो झाला की परत घेतो. पुढच्या वर्षी लागतीच की."

"आणि मास्क?"

"दिवसभर तोंडावर, रात्री कपाटात. थिनरच्या डब्याशेजारी. दोन्ही किमती वस्तू. किल्ली माझ्याकडं."

बाहेर सुपरवायझर श्रीमंत भेटला. तो शेठवर नाराज होता.

"दरसाल म्या मागतो. दरसाल दुसऱ्यालाच. गुरुलिंग गेला तवा म्हणलं, आता आपला नंबर. तर शांतलिंग! तो गेला तर बलभीम!"

"हाच," शंभू पुटपुटला.

राजेश्वरीचा हात टेबलाला लागला. बोटाला पिवळं सोल्युशन चिकटलं. पाण्यानं जाईना, साबणानं जाईना. श्रीमंतनं किल्ली आणून कपाट उघडलं, बिनझाकणाच्या डब्यात चिंधी बुडवली आणि एका फटक्यात बोट साफ केलं. गोडसर वास आला.

"काय आहे हे?"

"बेंझीन. स्वस्त पडतं. डब्यावर दुसरंच नाव हाय, साहेबांना वाचायला."

कपाटात वर मास्क होता, पुढं डबी असलेला. शेडमधल्या झाडूपासून देवाच्या फोटोपर्यंत सगळ्यावर पिवळे डाग होते. मास्क तेवढा चकाचक.

झाडलोट करणारी रुद्रम्मा दारात बसली होती. शांतलिंगची आई.

"अव्वा, मास्क तुम्ही पुसता?"

"व्हय. रोज सांजच्याला. लेकाच्या तोंडाला घाण लागू नये म्हणून सुरू केलं. मग सवयच पडली. बलभीमचा बी पुसला. आता कुणी लावत न्हाय तरी पुसते."

"तिच्या लेकाला तिनंच? न्हाय न्हाय," शंभू जीपमध्ये म्हणाला. "नारळच. नारळात काहीतरी हाय."

राजेश्वरीनं साफ झालेलं बोट पुन्हा हुंगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्कार. मंडप, माईक, टेबलावर शाल, नारळ, मास्क. शेठनी हातात शाल घेतली आणि राजेश्वरीनं माईक.

"तिघांना शाल मिळाली, ती पाच मिनिटांसाठी. नारळ सगळ्यांनी खाल्ला. दिवसभर त्यांच्यापाशी एकच वस्तू असायची. मास्क."

"मास्क तर वाचवतो!" शेठ म्हणाले.

"मास्कच्या डबीत कोळसा असतो, तो विषारी वाफ शोषून घेतो. हा रात्रभर उघड्या बेंझीनशेजारी बसून पोटभर शोषतो आणि सकाळपासून नाकात परत सोडतो. बलभीम सोल्युशनला शिवत नव्हते. वास मिशीला होता, हाताला नाही. रविवारी मास्क नाही, म्हणून रविवारी डोकं दुखत नसे. आणि सगळीकडं डाग असताना मास्क चकाचक आहे. तो डाग पाण्यानं निघत नाही, हे काल माझ्या बोटानं पाहिलं. म्हणजे मास्क रोज बेंझीननंच पुसला जातो. आतून बाहेरून."

"मग आमी बाकीचे वाचलो म्हणायचं," श्रीमंत म्हणाला.

"नाही. तुम्हाला हवेतनं मिळतंच आहे. फक्त हप्त्यानं."

"पण पुसला कुणी?" शेठनी विचारलं.

राजेश्वरीनं माईक खाली घेतला. "ते महत्त्वाचं नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच शंभूचा निष्कर्ष बरोबर निघाला होता, जीपमध्ये त्यानंच झटकलेला. तो खाली बघत राहिला.

"म्या," मागून रुद्रम्मा म्हणाली. "लई लखलखीत ठेवला व्हता."

कार्यक्रम संपला असं वाटून मंडपवाल्यानं सनई लावली.

शेठ न्यायी माणूस. त्यांनी टेबलावरच्या गुन्हेगाराला सर्वांसमक्ष उचललं, कपाटात टाकलं आणि कुलूप लावलं.

"शेठ, तेच कपाट हाय," शंभू म्हणाला.

"दुसरं न्हाय."

राजेश्वरीनं कारखाने तपासणीच्या कचेरीत तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी विचारलं, मास्क पुरवला होता का? होता. कामगार लावत होते का? होते. मग तक्रार काय?

शेडमध्ये नवा मास्क आला नाही. डब्याला झाकण आलं नाही. बलभीमच्या अंगात रक्त आलं नाही. रुद्रम्मानं पुसणं सोडलं. ती आता रिकामे हात मांडीवर ठेवून बसते. पुढच्या आठवड्यात तपासणी निघाली, तेव्हा शेठनी कुलूप काढलं आणि मास्क द्वारकाबाईंच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी राजेश्वरीनं त्यांना एक अर्ज लिहून दिला. मजकूर द्वारकाबाईंनीच सांगितला:

"मा. व्यवस्थापक साहेब यांना सविनय सादर. मी, सुरक्षा-रत्न द्वारकाबाई बलभीम, आपल्या शेडमध्ये कामाला आहे. मास्क लावला तर विषबाधा होते व काढला तर पगार कापला जातो. तरी नवीन मास्क येईपर्यंत कामाच्या वेळेत श्वास न घेण्याची सवलत मिळावी. जेवणाच्या सुट्टीत घेईन. कामात खंड पडू देणार नाही. कळावे, ही नम्र विनंती."