जाळ्यातला पाणटिवळा

पाणटिवळा जिवंत सोडवायचा आणि त्याच्या पायातल्या पट्टीवरची अक्षरं वाचायची, एवढीच आमची मोहीम होती!

लांब चोचीचा, उत्तरेला निघायच्या आधी छातीवर विटकरी रंग चढलेला हा पाहुणा पक्षी सलग दोन वर्षं चैत्रात येडगावच्या धरणाच्या फुगवट्यावर उतरत होता. पिवळी पट्टी कुणी, कुठल्या देशात बांधली, ते त्या अक्षरांवरूनच कळणार होतं. पण दुर्बिणीतून ती कधी लागलीच नाहीत. यंदा काठावर शेती करणाऱ्या हौशीरामतात्यांचा फोन आला, "आरते, तुजं पट्टीवालं पाखरू मासेवाल्याच्या जाळ्यात अडाकलंय. जितं हाये. लवकर ये, घारी बसल्यात."

मी अरिहंतला सोबत घेतलं. नारायणगावात त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान, आणि चिरंजीव गिऱ्हाईक टाकून पाखरांमागे! कॅमेऱ्याची लेन्स तर तो नव्या नवरीसारखी जपायचा.

पाणी पार मागे हटलं होतं. बेशरमीच्या झुडपांत वटवटे पक्षी कुरकुरत होते आणि तडकलेल्या गाळावर तुताऱ्या, चिखलात चरणारी इवली पाखरं, घाईघाईने चोची खुपसत होत्या. एकीने किडा ओढला की दुसरी तो हिसकावायची. पोट न भरता जो उत्तरेला निघतो तो वाटेत मरतो. वसंत ऋतूची गाणी लिहिणाऱ्यांनी एकदा इथे यावं.

जाळ्याचं एक टोक काठावरच्या खुंट्याला होतं, बाकीचं लांबवर गाळात पसरलेलं. मध्येच एक घार जाळ्यात अडकलेल्या तुतारीला जिवंतपणी सोलत होती. पार टोकाला आमचा पाणटिवळा पंख आपटत होता.

"इथून ओढू या का?" अरिहंतने विचारलं.

"नको, त्याचे पाय तुटतील," मी म्हणाले.

"मी आणतो जाऊन," तात्या म्हणाले. "धरान व्हायच्या आदी हे आमचंच वावर व्हतं. ल्हानपणी हितं ढेकळं फोडल्यात. बांध न् बांध पायाला ठावं हाये."

ते पुढे, आम्ही मागे. घोट्याएवढा गाळ, मग पोटरीएवढा. तात्या मजेत चालले होते.

आणि एकदम ते कमरेपर्यंत गेले!

त्यांनी पाय उपसायचा प्रयत्न केला. छातीपर्यंत गेले.

"आरते, फुडं येऊ नगं. ही हीर हाये. आमचीच हीर." त्यांच्या आजोबांनी खणलेली विहीर धरणाच्या गाळाने भरून टाकली होती. बांध ओळखणारे तात्या तीच विसरले होते.

अरिहंत पालथा पडला. छातीखाली कॅमेऱ्याची बॅग सरकवली, हातातली कॅमेऱ्याची तिकाटी पुढे केली. पुरली नाही. माझी ओढणीही पुरली नाही. गाळ तात्यांच्या खांद्याला लागला.

उरलं जाळं.

मी काठाकडे धावले. खुंट्यावरचा दोर सोडला आणि ओढू लागले. पाणटिवळा गाळावरून फरपटत आला. ओरडत आला. मी थांबले नाही. त्याला सोडवायला वेळ नव्हता. तसाच आत ठेवून जाळ्याला पीळ घातला, अरिहंतपाशी परतले आणि टोक तात्यांकडे फेकलं.

"काखेखालून घ्या!"

तात्यांचा सगळा भार त्या पिळावर आला. आम्ही दोघं मागे रेलून ओढत होतो. पिळात काहीतरी मोडलं, ते माझ्या हाताला कळलं. मी आणखी जोर केला.

गाळाने तात्यांना सोडलं. अरिहंतची बॅग मात्र ठेवून घेतली.

काठावर तात्या गाळाने माखून बसले होते आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता. वाचलेल्या माणसाचा राग! त्यांना मिठी मारून मी रडले, ते मात्र पाखरासाठी.

त्यांनीच विळ्याने जाळं कापलं. पाणटिवळा ओंजळीत घेतला, मोडकी मान अंगठ्याने सरळ केली.

"वाच आता."

"राहू द्या, तात्या."

"आगं, ज्यानं बांधली त्यो वाट बघत आसंल. त्याला सांगाया नको?"

मी पट्टीवरचा गाळ पुसला आणि अक्षरं मोठ्याने वाचली.