गुणाजीचे सदुसष्ट व्होल्ट

एक वायर आहे. तिचं एक टोक दाराजवळच्या बोर्डातून बाहेर लोंबतंय, दुसरं पलंगाजवळच्या बोर्डातून. मधला सगळा प्रवास भिंतीतल्या नळीतून. दोन्ही टोकं मोकळी, कशालाच जोडलेली नाहीत. वर त्या खोलीचा एमसीबीही (खोलीची वीज तोडणारा खटका) खाली पाडलेला. आता सांगा, या वायरीत वीज येईल कुठून?

"येणारच नाही!" मृदाचे बाबा म्हणाले.

"सदर वायरीत सदुसष्ट व्होल्ट आढळले आहेत," गुणाजी म्हणाला. "कृपया हात लावू नये, ही विनंती."

गुणाजी म्हणजे यंत्रमानव. तुम्ही मोठे व्हाल तोवर कदाचित तुमच्याही गावात अशी सोसायटी निघेल, जशी फलटणला निघाली होती: यंत्रमानव सहकारी सोसायटी, मर्यादित. सभासद व्हायचं, अर्ज करायचा आणि वर्षभरासाठी यंत्रमानव घरी आणायचा. सोसायटीच्या कचेरीत शिकल्यामुळे गुणाजी नोटीस वाचल्यासारखा बोलायचा. बाकी सोन्यासारखा. सात महिन्यांत तो घरचाच झाला होता. मृदाने ताटात लपवलेलं वांगं कुठे जातं, हे त्याला ठाऊक होतं आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी काम साधं होतं. घरात एकवीस दिवसांचं बाळ आलं होतं आणि मोठा दिवा लावला की ते भोकाड पसरायचं. म्हणून आईला डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारं बटण) हवा होता, तोही दाराजवळून आणि पलंगाजवळून, दोन्हीकडून फिरवता येणारा. त्यासाठी दोन बोर्डांमध्ये एक जादा वायर लागते. ती नळीत होतीच, कारण जुने वायरमन 'पुढेमागे लागेल' म्हणून एखादी वायर जास्तीची ओढून ठेवतात. आता ती जोडायची, की झालं.

पण गुणाजी जोडायला तयार नव्हता. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा सदुसष्ट.

"गल्लीतल्या भोइट्यांकडे दिव्याचा होल्डर बदलायला पाठवला, तिथेही याने हेच केलं होतं," बाबा वैतागून म्हणाले. "बटण बंद असताना म्हणे होल्डरमध्ये वीज आहे! डोकं बिघडलंय याचं." आणि त्यांनी सोसायटीला फोन लावला.

सोसायटीचा नियम मृदाला पाठ होता. पहिली तक्रार भोइटे काकूंची. दुसरी झाली की यंत्रमानवाची पाटी कोरी करतात (त्याची सगळी आठवण पुसून टाकतात). सेक्रेटरी नाईकनवरे काका पाच वाजता येणार होते. घड्याळात साडेतीन झाले होते.

"गुणाजी, तू खोटं बोलतोयस का रे?"

"खोटे बोलण्याची सोय माझ्यात नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो."

मृदाने चपलाही न घालता धूम ठोकली ती थेट मागच्या गल्लीत, आत्याच्या घरी.

दमयंती आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. चौतीस वर्षं वीजमंडळात वायरमनचं काम करून निवृत्त झालेली. तिला कुणी 'वायरवूमन' म्हटलेलं खपायचं नाही. "खांब काय मला बघून आखूड होतो का?" असं विचारायची. मृदाचं सगळं ऐकून घेऊन तिने पायमोज्यात गुंडाळलेला एक जुना पिवळा बल्ब काढला. होल्डरला दोन लांब वायरी, वायरींच्या टोकांना दांडीवाल्या सळया. मग ती शांतपणे चहा पिऊन निघाली. मृदाचा जीव टांगणीला लागलेला, पण चहा सोडून आत्या कधी विजेच्या कामाला गेली नव्हती.

"काय रे पम्या," आत घुसताच आत्या बाबांना म्हणाली, "त्याने नको म्हटलं तर राग आला होय? हो म्हटलं असतं आणि चुकला असता, तर?"

"अक्का, पण वायर कशालाच जोडलेली नाही!"

"ते बघू. आधी त्याचं खरं धरायचं, मग तपासायचं. उलटं करणारे माझ्या ओळखीतले दोघे आज हयात नाहीत." हे ती हसत म्हणाली नाही. "आणि मृदे, तू तिथून, खुर्चीवरून बघायचं. हात मांडीवर."

तिने आधी हॉलमधल्या चालू सॉकेटवर बल्ब तपासला. लख्ख पेटला. म्हणजे बल्ब चांगला. मग एक सळई त्या मोकळ्या वायरीला आणि दुसरी बोर्डातल्या न्यूट्रलला (वीज परत जाण्याच्या वायरीला) लावली. बल्ब ढिम्म. मग पुन्हा हॉलमध्ये नेऊन पाहिला. पेटला.

"पुन्हा का?" मृदाने विचारलं.

"मधल्या वेळात बल्बच उडाला असता तर? 'पेटला नाही' म्हणून मी खुशाल हात घातला असता."

"बघ, वीज नाहीच!" बाबा म्हणाले.

"सदुसष्ट व्होल्ट आहेत," गुणाजी म्हणाला. या वेळी जरा हळू आवाजात.

"दोघंही खरं बोलताय," आत्या म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली. "मृदे, शेजारी लसणाची फोडणी पडली, की तुला इथे कळतं?"

"हो, लगेच!"

"त्या वासाने पोट भरतं?"

"नाही. उलट भूक लागते."

"तसंच. गुणाजीच्या बोटात मल्टिमीटर आहे (विजेचा दाब वगैरे मोजणारं यंत्र). म्हणजे त्याला नाक आहे, तेही भलतं तिखट. व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब, तो हुंगायला त्याला वीज जवळजवळ प्यावीच लागत नाही. माझ्या बल्बला मात्र नाक नाही, पोट आहे. भरपूर वीज वाहत आली तरच तो पेटणार. या वायरीत वास आहे, भाकरी नाही."

"पण फोडणी कुठे पडलीय?"

"छान विचारलंस. नळीत ही वायर एकटी आहे का?"

बाबांनी डोकं खाजवलं. "हॉलची वायरही त्याच नळीतून नेलीय. बिल्डरने नळी वाचवली."

"घ्या! हॉलच्या वायरीतली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे झुलते. तिच्याभोवती विद्युत क्षेत्र असतं (विजेचा प्रभाव जिथवर पोचतो ती जागा). शेजारी कुणी जोरात झोपाळा घेत असला, की त्याच दांडीला टांगलेला रिकामा झोपाळा जरासा हलतो ना? तसे या मोकळ्या वायरीतले विजेचे कणही जागच्या जागी डुलू लागतात. न चिकटता, न जोडता, मधल्या प्लॅस्टिकच्या वेष्टनातून. रिकामा झोपाळा हलतो, पण त्यावर पोतं ठेव, की थांबला. बल्ब म्हणजे पोतं. आमच्यात याला भुताटकी व्होल्टेज म्हणतात."

मृदा विचारात पडली. मग एकदम म्हणाली, "आत्या, मग आपण हॉलची वीज बंद केली तर? फोडणीच बंद. गुणाजीला वास यायलाच नको!"

आत्याने बाबांकडे नुसतं पाहिलं. बाबांनी जाऊन हॉलचा एमसीबी पाडला. पंखा गरगरत थांबला.

"गुणाजी?"

"शून्य," गुणाजी म्हणाला. "सदर भूत निघून गेले आहे."

मृदाने खुर्चीवर बसल्या बसल्याच टाळ्या वाजवल्या. बाबांनी मेन स्विच बंद केला, गुणाजीने वायर जोडली आणि पाऊण तासात डिमर बसला. पण दारात नाईकनवरे काका हजर होते, बगलेत रजिस्टर घेऊन.

"हे समजलं," सगळं ऐकून ते म्हणाले. "ही तक्रार मागे. पण भोइट्यांची? तिथे तर नळीबिळी काही नव्हतं. एक तक्रार राहते अंगावर, आणि भित्रा यंत्रमानव कुणी घेत नाही. पाटी कोरी केलेलीच बरी."

मृदाने आत्याचा पदर धरला. "आत्या, तो पोटवाला बल्ब तिकडेही लावूया?"

वरात भोइट्यांकडे निघाली. न्हाणीघरातला होल्डर तसाच होता, बटण बंद. "येत्या रविवारी हा आमचा निनादच बदलणार आहे," काकू म्हणाल्या. "यंत्रमानवाला जमेना, म्हटलं पोराला तरी जमेल."

आत्याने बल्ब तपासला, स्टुलावर चढली, एक सळई होल्डरला लावली, दुसरी बोर्डातल्या न्यूट्रलला.

बल्ब लख्ख पेटला.

"हे भूत नव्हे," आत्या म्हणाली. "कुणीतरी बटण चुकीच्या वायरीवर बसवलंय. ते वीज आणणाऱ्या फेजवर हवं, इथे आहे परतीच्या वायरीवर. बटण बंद केलं की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये पूर्ण दोनशे तीस व्होल्ट उभेच. इथे भाकरीच भाकरी आहे. पोरगा ओल्या पायांनी चढला असता तर..."

काकू पुढे आल्या आणि गुणाजीचा पत्र्याचा हात दोन्ही हातांनी धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. गुणाजीला अशा प्रसंगाची नोटीस पाठ नव्हती.

नाईकनवरे काकांनी रजिस्टर उघडलं, भोइट्यांची तक्रार आडवी रेघ मारून खोडली आणि खाली सही ठोकली. "दमयंतीबाई, सोसायटीचे आणखी तेरा यंत्रमानव आहेत. सगळ्यांना नाक आहे, पोट कुणालाच नाही. बसवून द्याल? शिकवालही?"

"शिकवीन. पण चहा तुमच्याकडून."

पुढच्या रविवारी सोसायटीच्या अंगणात चौदा यंत्रमानव ओळीने बसले. ओळीच्या टोकाला मृदा, वही घेऊन. आत्याचा धडा संपल्यावर तिने हात वर केला.

"आत्या, मोकळ्या वायरीत वास आपोआप जातो. मग आपण मुद्दाम, पोटभर भाकरीच पाठवली तर? वायरीशिवाय? रस्त्यावरून जाता जाता गाड्यांना, उडता उडता विमानांना?"

"थोडी थोडी पाठवतात आत्ताही. पोटभर, लांबवर, वाया न घालवता, हे अजून कुणाला धड जमलेलं नाही. तू जमव," आत्या म्हणाली. "फक्त माझ्या कामातल्या भाऊबंदांना एक गोष्ट आधी सांगून ठेव."

"काय?"

"की वायरी गेल्या, तरी तपासायला वायरमन लागणारच."