दोन बाहुल्यांमधलं अंतर

दाराची बेल वाजली की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचो. दार ताई उघडायची आणि बिनदिक्कत सांगायची, "तो घरात नाही." आमचं असं वर्षानुवर्षं छान चाललं होतं.

चष्म्याच्या दुकानातही माझी जागा मागच्या खोलीत. काच घासायचं मशीन आणि मी, दोघांनाही गप्पांची आवड नाही. पण काउंटरवरचा माणूस सोडून गेला आणि मालकांनी निक्षून सांगितलं, आता बाहेर बस, नाहीतर दुसरीकडे काम बघ. बाहेर बसायचं म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकावर पट्टी धरायची आणि थेट त्याच्या डोळ्यांत बघत दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं. नुसत्या कल्पनेनेच माझे तळहात भिजले.

संमोहनाचा इलाज करून बघ, असं ताईनंच सुचवलं. परक्या माणसानं आपल्याला झोपवून आपल्या डोक्यात ढवळाढवळ करायची, हे मला काही पटेना. तरी नुसत्या चौकशीला काय जातंय, म्हणून गेलो.

उपचार करणारे गृहस्थ भलतेच बोलघेवडे निघाले. खोलीत एक आरामखुर्ची होती, तिच्यात मी टेकलोसुद्धा नाही. झोपेत माझ्याकडून काय काय वदवून घ्याल, भीती गेली तर जाते कुठे, असं जमिनीकडे बघतच विचारत राहिलो. पहिल्याचं उत्तर त्यांनी दिलं, दुसऱ्याला नुसते हसले. शेवटी, विचार करून सांगतो म्हणून मी उठलो.

"सावकाश ठरवा," ते म्हणाले. "जाता जाता फक्त एकदा माझ्याकडे बघा."

मी पाहिलं. हसता हसता ते थांबले आणि त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर माझे तळहात कोरडे ठणठणीत. इतका आनंद झाला की मी गिऱ्हाइकांची थट्टाही केली. दुपारी कुठे लक्षात आलं. तावातावानं बोलत आत आलेली माणसं माप देऊन उठली की कुजबुजत होती. एक वकीलबाई रस्त्यावरची गर्दी ओसरेपर्यंत दाराआड उभ्या राहिल्या. पट्टी मला सारखी पुसावी लागत होती, तिच्यावर गिऱ्हाइकांचा घाम असायचा.

मी तडक त्या गृहस्थांकडे गेलो. दार बंद होतं.

"जा हो," आतून बारीक आवाज आला. "मला कुणी नको."

माणसांची भीती मला पाठ होती. आता मला माझी भीती वाटायला लागली.

दुकानात परतलो तर ताई माझ्या खुर्चीसमोर बसलेली. भावाच्या हातचा चष्मा घालणार म्हणून मालकांना कौतुकानं सांगत होती. मी पट्टी मालकांपुढे सरकवली. त्यांनी ती परत माझ्या हातात दिली.

मी तिच्या कपाळाकडे बघत अंदाजानं माप सांगितलं.

"अरे, नीट बघ ना माझ्याकडे," ती म्हणाली आणि लहानपणी धरायची तशी माझी हनुवटी धरून वर केली.

संध्याकाळी घरी जाऊन बेल वाजवली.

आत नळ सुरू झाला.

पुन्हा वाजवली. नळ बंद झाला. पावलं दारामागे येऊन थांबली.

"ताई घरात नाही," ताई म्हणाली.