शेवटचा मार आधी

बसा, त्या टायरवर बसा. बंपरचा उरलेला बाकही काढून हवाय, एवढंच ना? काम साधं आहे. पाणी प्या, टोपी काढून ठेवा. फक्त माझं बोलणं संपेपर्यंत हात वर करू नका. का, ते सांगते.

हे शेड माझ्या वडिलांचं. छावणीचे अवजड ट्रक तेव्हापासून इथे येतात. पद्धत तुम्ही मघाशी पाहिलीतच. बंपर वाकला असेल तिथे गॅसच्या बत्तीने तापवून लाल करायचा, साखळी अडकवायची, साखळीचं दुसरं टोक समोरच्या लोखंडी खांबाला. मी घण घेऊन बाजूला उभी. मी हात वर केला की ड्रायव्हरने ट्रक हळूहळू मागे घ्यायचा, हात खाली आला की थांबायचं. वडिलांचा नियम एकच होता, शेवटचा मार आधी काढायचा. लोखंड ज्या क्रमाने वाकलं त्याच्या उलट्या क्रमाने सोडवायचं, नाहीतर ते तडकतं.

माझा धाकटा भाऊ तुमच्यासारखाच छावणीत ड्रायव्हर होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा, माझ्याच हाताखाली वाढला. लाडाने बिघडला म्हणा, पण वाईट नव्हता. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी तो हाच ट्रक घेऊन आला. झाडावर आपटला म्हणाला. पाच वाजता गाड्यांची पाहणी होती. तोवर बंपर सरळ झाला नसता, तर त्याची नोकरी गेली असती.

मी बंपरवरून बोट फिरवलं. मधोमध एक उथळ बाक आणि त्याच्यावरच, जरा खाली, दुसरा खोल. दोन मार. झाडावर माणूस एकदा आपटतो, मागे येऊन पुन्हा आपटत नाही. विचारलं, तर नजरेला नजर देईना. मग मीही विचारायचं सोडलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

खोल बाक आधी घेतला. मी हात वर केला, ट्रक मागे सरकला, साखळी ताठ झाली आणि लोखंड उलगडू लागलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तापलेल्या डिझेलचा वास आणि बत्तीची फुरफुर, बस्स. बाक पूर्ण निघाला आणि बंपरखालून, अगदी जमिनीलगत, कुणीतरी श्वास घेतला.

“साहेब... पाय अडकलाय... जरा गाडी मागे घ्या...”

मी वाकून पाहिलं. खाली नुसती माती. वर पाहिलं तर केबिनमध्ये भावाचा चेहरा पांढराफटक. त्यालाही ऐकू आलं होतं.

“ताई, पहिला मार चुकून बसला गं,” तो म्हणाला. “सायकलवाला होता. पण तो जिवंत राहिला... त्याने गाडीचा नंबर बघितला होता.”

सायकलवाल्याने सांगितल्याप्रमाणे त्याने गाडी मागे घेतली होती. आणि मग पुन्हा पुढे.

मी तेव्हाच घण टाकून छावणीत जाऊन सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी वेडी आशा धरली. एक मार निघाला तर मेलेला माणूस श्वास घेतो. दुसराही निघाला, तर काही घडलंच नाही असं होईल. तोही वाचेल, माझा भाऊही वाचेल. मी पुन्हा बत्ती पेटवली आणि हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

उथळ बाक सरळ झाला, तशी सायकलची घंटा वाजली. दोनदा. आमच्या डोळ्यांदेखत बंपरपासून रस्त्यापर्यंत मातीत चाकाची रेघ उमटत गेली. सायकल नाही, माणूस नाही, नुसती रेघ. ती छावणीच्या दिशेला वळली. भाऊ रडत रडत हसला. म्हणाला, गेला तो ताई, वाचला. आणि त्याच रस्त्याने निघाला.

ट्रक पुढच्या वळणावर सापडला. इंजिन चालू, केबिनची दारं आतून बंद, आत कुणी नाही. भाऊ ट्रकच्या पुढ्यात पडला होता. बंपरवर तेच दोन बाक, एक उथळ, एक खोल. ब्रेक सुटला असेल, असं सगळे म्हणाले. सुटलेला ब्रेक एकदाच मारतो, हे मी कुणाला सांगणार होते?

आता तुम्ही तोच ट्रक, त्याच दोन बाकांसकट आणलात. मघाशी खोल बाक निघाला तेव्हा तुमचं सगळं लक्ष आरशात होतं, तुमच्या कानावर आलं नाही. मला ऐकू आलं. “ताई... पाय अडकलाय...” म्हणून तर मी गाडी बंद करायला लावली. साखळी मात्र अजून काढलेली नाही, माझं धाडसच होत नाही. तेव्हापासून तो एकच म्हणतोय, “ताई, हात दाखव ना... सोडव ना मला...”

सोडवलं तर तो उठेल. माझा भाऊ पुन्हा उठून उभा राहील. आणि मग पुढच्या वळणावर जाऊन कुणाची वाट बघेल? गाडी तुम्हीच नेणार आहात. तुमच्या घरीही कुणी ताई असेल. खरं सांगते, माझा हात सारखा वर जाऊ बघतोय, म्हणून मांडीखाली दाबून बसलेय. वर गेलेला हात कुणाचा, हे तो बघणार नाही.

घाम फुटला ना? नंतर पुसा. हात खाली घ्या... आधी हात खाली घ्या. ट्रकची किल्ली तुमच्याच बोटात अडकलेली आहे, मला दिसतेय. आणि तिकडे साखळी ताठ झालीय.